चिपीचा विमानतळ आणि आपली काकडी

मंडळी, कोकणातल्या विमानतळाशी राहुरीकराचा संबंध काय, असं कुणीही विचारेल. संबंध आहे. आपल्यापासून तासा-सव्वा तासावर काकडीला शिर्डीचा विमानतळ आहे. म्हणून चिपीची गोष्ट आपण नीट वाचली पाहिजे.

कोकणी माणसाचा जुना रस्ता म्हणजे समुद्र. भाऊच्या धक्क्यावरून बोटी सुटायच्या. बंदरावर मोठी बोट लागत नसे, मग पडावातून उतरून किनारा गाठायचा. पावसाळ्यात हाल वेगळेच. 17 जुलै 1947 ला रेवसकडे निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. पुढे एसटी आली, मुंबई-गोवा रस्ता आला. 26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावली आणि गणपतीला गावी जाणाऱ्या चाकरमान्याचा प्रश्न बराचसा सुटला.

विमानाचं मात्र वेगळं झालं. दाभोळी पोर्तुगीजांनी बांधला, 1961 नंतर तो नौदलाकडे गेला. रत्नागिरीची धावपट्टी तटरक्षक दलाच्या कामी आली. किनाऱ्यावर संरक्षण आधी, प्रवासी नंतर. प्रवाशांसाठी म्हणून सिंधुदुर्गात चिपीचा विमानतळ सुरू झाला तो 9 ऑक्टोबर 2021 ला. मुंबईचं विमान 'उडान' योजनेतलं होतं. या योजनेत काही जागांचं भाडं कमी ठेवायचं आणि कंपनीचा तोटा सरकारनं भरून द्यायचा, पण फक्त तीन वर्षं.

तेवढ्यात जानेवारी 2023 मध्ये सीमेपलीकडे मोपाचा मोठा विमानतळ चालू झाला. बांदा, दोडामार्गच्या माणसाला तोच जवळ. तिथं विमानं जास्त, वेळा सोयीच्या. ऑक्टोबर 2024 मध्ये, तीन वर्षं भरताच, चिपीचं मुंबई विमान बंद पडलं. अडीच किलोमीटरची धावपट्टी जागेवरच होती. नव्हतं ते रोज भरणारं विमान.

आता आपल्याकडे या. काकडीचं उद्घाटन 1 ऑक्टोबर 2017 ला राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते झालं. तो टिकला साईभक्तांच्या जिवावर. हैदराबाद, चेन्नईचा भक्त उतरतो, दर्शन घेतो, परत जातो. चिपीला असा बारमाही भक्त नव्हता, हाच दोघांतला फरक. पण खरं सांगा, त्या विमानतळाचा राहुरीच्या शेतकऱ्याला, विद्यापीठात शिकणाऱ्या पोराला कितीसा उपयोग झाला?

माझं म्हणणं एवढंच. विमानतळ फीत कापून चालत नाही, तो जोडणीवर चालतो. नगर-मनमाड रस्ता धड हवा, विमानाच्या वेळेला धरून एसटी हवी, शेतमालासाठी सोय हवी. नाहीतर विमानं आपल्या डोक्यावरून जात राहतील आणि आपण खाली खड्डे मोजत बसू.

पुढाऱ्यांना मत मागायला आल्यावर हे विचारा. तुम्हाला काय वाटतं, खाली लिहा.