घरचा मुलगा आणि कारखान्याचा कायदा

वडील मागाशी उभे आहेत, आई कांड्या भरीत आहे आणि पंधरा वर्षांचा मुलगा तुटलेला धागा सांधीत आहे, हे दृश्य इचलकरंजीस किंवा बेळगावच्या शहापूर-वडगावात आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले असेल. त्या मुलास कामगार म्हणावे असे कोणाच्या मनात येत नाही. तो घरचा मुलगा. कायद्यानेही त्यास दीर्घकाळ घरचाच मुलगा मानले, आणि नेमका त्यामुळेच तो संरक्षणास मुकला.

आपल्याकडे कारखान्यांचा पहिला कायदा १८८१ साली झाला. मुंबईचे सोराबजी शापूरजी बंगाली यांनी त्यापूर्वी या प्रश्नासाठी बरीच खटपट केली होती. सात वर्षांखालील मुलास कामावर घेऊ नये, सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये आणि धोक्याच्या यंत्रांस कुंपण घालावे, अशी त्यातील मुख्य बंधने. सात वर्षांचे मूल आणि नऊ तास! तेही जेथे यांत्रिक शक्ती आणि शंभर माणसे असतील तेथेच. पुढे १८९१ साली ही संख्या पन्नासवर आली, १९२२ साली वीसवर. किमान वय नऊ, मग बारा झाले.

याच काळात एक निराळी गोष्ट घडली. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसविला आणि पुढे त्या गावाचे रूपच पालटले. गिरणीतले यंत्र घरात आले. गिरणीतला नियम मात्र आला नाही.

१९३८ च्या बालकामगार कायद्याने विडी वळणे, गालिचे विणणे, कातडी कमावणे, आगकाड्या व शोभेची दारू तयार करणे अशा कामांत बारा वर्षांखालील मुलांस मनाई केली. परंतु मालक केवळ आपल्या कुटुंबाच्या साहाय्याने काम करीत असेल, तर ती मनाई लागू नव्हती. १९४८ च्या कारखाने कायद्याने किमान वय चौदा केले. अठरा वर्षांखालील व्यक्तीने चालू इंजिनास अगर त्याची शक्ती वाहून नेणाऱ्या भागांस तेल घालू नये, धोक्याचे यंत्र नीट शिकल्यावाचून चालवू नये, असेही बजावले. दहांहून कमी माणसांच्या जागेसही कायदा लावण्याचा अधिकार सरकारला मिळाला. तेथेही तोच अपवाद, केवळ घरच्या माणसांचे काम वगळून. १९८६ च्या कायद्यानेही तो कायम ठेवला.

या अपवादामागील विचार अगदीच वावगा होता, असे मी म्हणणार नाही. साळ्याचा मुलगा बापाच्या हाताखालीच कसब शिकतो. आणि सरकारी निरीक्षकाने कोणाच्या माजघरात शिरावे, हे कोणास रुचेल? पण बापाची माया हेच कुंपण, ही कल्पना हातमागापुरती बरी होती. यंत्रमागावरून निसटलेला धोटा डोळ्यास लागतो, तेव्हा तो डोळा कोणाच्या मुलाचा, हे तो पाहत नाही.

२०१६ साली कायद्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलाने शाळा सुटल्यावर वा सुट्टीत, धोक्याच्या नसलेल्या घरच्या धंद्यास हातभार लावावा, एवढी मुभा उरली. चौदा ते अठरा वयाच्या किशोरांस खाणी, स्फोटके व धोक्याच्या प्रक्रिया यांत मनाई झाली, आणि या मनाईस कुटुंबाचा अपवाद जोडलेला नाही. १९३८ पासून चालत आलेली सवलत निदान तेवढ्यापुरती संपण्यास अठ्ठ्याहत्तर वर्षे लागली. निरीक्षकाने त्या घराचे दार कधी ठोठवावे, हा प्रश्न मात्र तसाच आहे. आणि बारीक हात आत सहज पोहोचतो म्हणून चालू यंत्रास तेल घालण्याचे काम घरात मुलासच सांगितले जाते.