मिठाच्या पाण्याची दोन कामे: मंदावणारा दिवा आणि तापणारे तळे

तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या भारतीय घरांत पंख्याचा रेग्युलेटर म्हणजे भिंतीवर बसवलेला एक काळा, जाडजूड ठोकळा असे. पंखा हळू फिरत असताना त्यावर हात ठेवला, तर तो चांगलाच गरम लागे. पंख्याला न मिळालेली वीज त्या ठोकळ्यातल्या तारेत उष्णता होऊन वाया जात होती आणि बिल मात्र तिचेही येत होते. विजेवर नियंत्रण म्हणजे तिच्या वाटेत अडथळा उभा करणे, हीच त्या काळची समजूत होती. पंख्याच्या आधी ती दिव्यांना लागू झाली.

नाट्यगृहात विजेचे दिवे आले, तेव्हा ते हळूहळू मंद कसे करायचे हा प्रश्न लगेच उभा राहिला. गॅसच्या दिव्याची चावी फिरवता येत असे. विजेचा दिवा एक तर पेटे नाही तर विझे. यावर सापडलेला एक उपाय आज विलक्षण वाटेल, तो म्हणजे मिठाचे पाणी. मातीच्या नळकांड्यात किंवा पिंपात मीठ घातलेले पाणी, तळाशी धातूची एक पट्टी, आणि दोरीने वरखाली होणारी दुसरी. पट्ट्या जवळ आल्या की विद्युतरोध कमी होऊन प्रकाश वाढे, दूर गेल्या की तो मावळे. युरोप-अमेरिकेतील रंगमंचांवर ही युक्ती सर्रास चाले आणि आपल्याकडच्या हौशी नाट्यसंस्थांनीही ती पुष्कळ वापरली. मंचावर संध्याकाळ होत असताना पडद्यामागे पाणी तापे, कधी उकळून त्यातून वाफा निघत. पाणी आटले की भर घालावी लागे, आणि तीही जिवंत विजेच्या सान्निध्यात. ते काम करणाऱ्यांच्या धैर्याचे कौतुक करावे, अनुकरण करू नये!

हा अडथळा दूर झाला तो अर्धवाहकांमुळे. १९५७ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने थायरिस्टर बाजारात आणला आणि दोनच वर्षांनी जोएल स्पायरा या भौतिकशास्त्र शिकलेल्या तरुणाने न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी, एका रिकाम्या खोलीत, भिंतीतल्या बटणाच्या जागी मावेल असा डिमर तयार केला. १९६१ मध्ये त्याने ल्युट्रॉन ही कंपनी स्थापन केली आणि १९६२ मध्ये त्याला एकस्व मिळाले. कल्पना अशी की विजेला रोखून धरायचेच नाही. आपल्याकडच्या विजेचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो. प्रत्येक वेळी शून्यानंतर थोडा काळ बटण पूर्ण बंद ठेवायचे आणि मग पूर्ण चालू करायचे. बंद असताना त्यातून प्रवाह जात नाही, चालू असताना त्याच्यावर दाब जवळजवळ उरत नाही. म्हणून दोन्ही अवस्थांत ते फारसे तापत नाही. आज आपल्या भिंतीवरची पंख्याची इलेक्ट्रॉनिक चकती याच कुळातली आहे. माझ्या मते विसाव्या शतकातील शोधांच्या याद्यांत हिला मिळते त्याहून बरेच वरचे स्थान मिळायला हवे.

अशा रीतीने उष्णता टाळण्याची विद्या घरोघरी पोहोचली. उष्णता साठवण्याची विद्या मात्र मागे राहिली. २०२५ च्या आरंभी भारताची सौरवीजक्षमता १०० गिगावॅटच्या पुढे गेली. तेव्हापासून सूर्यास्तानंतर काय, या प्रश्नाची चर्चा रोज वाचायला मिळते आणि ती बहुधा बॅटरीपाशी येऊन थांबते. परंतु दुग्धालय, कापडगिरणी, खानावळ यांना हवी असते ती पुष्कळदा वीज नव्हे, नुसते गरम पाणी. त्यासाठीचा एक प्रयोग आपल्याच देशात, कच्छमध्ये, होऊन गेला आहे. त्याचेही मुख्य द्रव्य मिठाचे पाणीच होते.

निसर्गाने तो प्रयोग आधीच मांडून ठेवला होता. ट्रान्सिल्व्हेनियातील मेदवे या खाऱ्या सरोवरात उन्हाळ्याअखेर सुमारे १.३ मीटर खोलीवर ७० अंश सेल्सियस तापमान असते, असे हंगेरीच्या कालेचिन्स्की यांनी १९०२ मध्ये प्रसिद्ध केले. साध्या तळ्यात असे होत नाही. तळाचे पाणी तापले की फुगून हलके होते, वर येते आणि मिळवलेली उष्णता हवेला देऊन टाकते. पण तळाशी दाट खारे पाणी आणि वर क्रमाक्रमाने गोडे होत गेलेले थर असतील, तर गणित बदलते. २० अंशांवरून ८० अंशांपर्यंत तापताना पाण्याची घनता तीन टक्क्यांच्या आतच घटते. वजनाने वीस टक्के मीठ मात्र ती सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढवते. तापलेले पाणी मिठाच्या ओझ्याने तळाशीच बसून राहते. मधला थर हलत नाही, आणि स्थिर पाणी उष्णतेचे मंद वाहक असल्यामुळे तोच थर दुलईचे काम करतो. ही दुलई पारदर्शक असल्याने दृश्य प्रकाश तिच्यातून तळापर्यंत पोहोचतो.

इस्राएलमध्ये हॅरी टेबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तत्त्वावर वीजही निर्माण केली. आपल्याकडे भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेत १९७० च्या दशकात आणि पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत लहान तळ्यांवर काम झाले. मोठी उडी भुजची. तेथील कच्छ डेअरीच्या आवारात १९८७ मध्ये १०० मीटर लांब, ६० मीटर रुंद आणि साडेतीन मीटर खोल सौरतळ्याचे बांधकाम सुरू झाले. गुजरात ऊर्जा विकास संस्था, गुजरात दुग्धविकास महामंडळ आणि ‘टेरी’ यांचा तो संयुक्त प्रकल्प होता. त्यात ४,००० टन मीठ विरघळवले गेले. म्हणजे तळ्याच्या दर चौरस मीटरमागे साडेसहाशे किलोंहून अधिक!

पुस्तकातली आकृती जमिनीवर उतरवताना खरा घाम निघतो तो येथे. गरम खारे पाणी झिरपले तर मीठही गेले आणि उष्णताही, म्हणून स्थानिक साहित्यातून अस्तराची वेगळी रचना करावी लागली. कच्छचा वारा लाटा उठवून थर मिसळून टाकील, म्हणून पृष्ठभागावर जाळ्या पसरल्या. मीठ तर स्वभावतःच सावकाश वर सरकत राहते. त्यामुळे वरचा थर गोड्या पाण्याने अधूनमधून धुवावा लागतो आणि बाष्पीभवनाची तूटही गोड्या पाण्यानेच भरावी लागते. ज्या प्रदेशात ऊन आणि मीठ हवे तेवढे आहे, तेथेच गोडे पाणी दुर्मिळ. सौरतळ्याचा हा अंगभूत पेच मला कोणत्याही तांत्रिक अडचणीहून गंभीर वाटतो. साठवणुकीच्या तुलनेत त्याचा उल्लेख क्वचितच होतो.

तरीही तळे चालले. मे १९९१ मध्ये, उष्णता बाहेर काढली जात नसताना, तळाचे तापमान ९९.८ अंशांवर गेले आणि थर मोडले नाहीत. सप्टेंबर १९९३ ते एप्रिल १९९५ या काळात डेअरीला सरासरी ७५ अंशांचे सुमारे १५,००० घनमीटर, म्हणजे दीड कोटी लिटर, गरम पाणी मिळाले. मूळ पाणी ३० अंशांचे धरले, तर ही सुमारे आठ लाख युनिट उष्णता होते. त्या वेळी जगातील चालू सौरतळ्यांत भुजचे तळे सर्वांत मोठे होते. आपल्या शालेय पुस्तकांत त्याला एक परिच्छेद तरी मिळायला हरकत नव्हती.

उष्णता साठवण्याचा विचार त्यानंतर वेगळ्या पदार्थांकडे वळला. राजस्थानात आबू रोडजवळ ब्रह्माकुमारी संस्थेच्या ‘इंडिया वन’ प्रकल्पात प्रत्येकी ६० चौरस मीटरचे ७७० परावर्तक दिवसभर सूर्याचा माग काढत ओतीव लोखंडाच्या गाभ्यांवर किरण एकवटतात. लोखंडाला गोडे पाणी लागत नाही, ते झिरपत नाही, वाऱ्याने ढवळले जात नाही. त्यात साठलेल्या उष्णतेने अंधार पडल्यावरही वाफ तयार होते आणि एक मेगावॅटचे टर्बाइन फिरत राहते.