वणाच्या उपचाराची जुनी परंपरा
जखम भरून आली म्हणजे उपचार संपला, असे सुश्रुतसंहितेने मानले नाही. व्रणावरील सात मुख्य उपक्रमांत रोपणानंतर, म्हणजे जखम भरवल्यानंतर, तिने ‘वैकृतापह’ हा शेवटचा उपक्रम ठेवला आणि मागे राहिलेला वण घालवून त्वचा पूर्ववत करणे हा त्याचा हेतू सांगितला. चिकित्सास्थानाच्या पहिल्या अध्यायात काळ्या पडलेल्या वणासाठी ‘पांडुकर्म’ येते, ज्यात रोहिणीचे फळ शेळीच्या दुधात सात रात्री भिजवून त्याच दुधात बारीक वाटून लावायचे असे, तर पांढऱ्या वणासाठीच्या ‘कृष्णकर्मा’त बिब्बा वापरला जाई. बिब्बा उततो, म्हणजे त्वचेवर फोड आणतो, त्यामुळे चेहऱ्यावर तो घातकच. १९८०च्या दशकात भाजलेल्यांच्या उपचारांतून रुळलेली सिलिकॉनची पट्टी आणि उन्हापासून जपणूक हे आजचे उपाय मात्र त्याच हेतूने, जखम मिटल्यावर, सुरू होतात.