तळटीप : आडवी बाटली
१. आडवी बाटली : गावातले किंवा वॉर्डातले दारू दुकान बंद करण्यासाठीच्या मतदानातली खूण. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. २००८ च्या शासन आदेशानुसार २५ टक्के महिला मतदारांनी सह्यांचे निवेदन दिले की सह्यांची पडताळणी होऊन गुप्त मतदान घेतले जाते. मात्र दुकान बंद होण्यासाठी यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्यांहून अधिक मते आडव्या बाटलीला लागतात. म्हणजे रोवणीला गेलेली, परगावी असलेली बाई आपोआप दुकानदाराच्या पारड्यात पडते. ही अट अन्यायाची आहे. स्वित्झर्लंडमध्ये एक लाख सह्यांवर राज्यघटना-दुरुस्तीचे सार्वमत मागता येते आणि तिथे न आलेल्यांची मते धरत नाहीत.

जिल्हाभराच्या दारूबंदीसाठी असे मतदान नाही. गडचिरोलीची बंदी (१९९३) जनआंदोलनातून आली. चंद्रपूरसाठी ‘श्रमिक एल्गार’ या संघटनेने २०१० मध्ये चिमूर ते नागपूर पदयात्रा काढली, ग्रामपंचायतींनी ठराव दिले, आणि १ एप्रिल २०१५ पासून बंदी लागू झाली. मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवली. जिल्ह्यातल्या बायकांचे मतदान त्याआधी घेतले गेले नाही.