सरफोजींनी घडवून घेतलेली भेट

तंजावरच्या श्वार्ट्झ चर्चमध्ये जॉन फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने घडविलेले एक संगमरवरी उठावशिल्प आहे. मृत्युशय्येवरील जर्मन मिशनरी श्वार्ट्झ आणि त्याचा हात हाती घेतलेले त्याचे शिष्य, मराठा राजे दुसरे सरफोजी, असा त्यातील प्रसंग. सकृद्दर्शनी वसाहतवादाला हवी तशी कृतज्ञ एतद्देशीयाची प्रतिमा येथे दिसते; तथापि शिल्प कोणी करविले हे ध्यानी घेतल्यास हा अर्थ अपुरा ठरतो. श्वार्ट्झ १७९८ मध्ये निवर्तला. १७९९ च्या तहाने तंजावरचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. त्यानंतर हे शिल्प घडले ते खुद्द सरफोजींच्या इच्छेने, आणि सोबतचे इंग्रजी पद्यही त्यांचेच. कंपनीनेही चेन्नईच्या सेंट मेरी चर्चमध्ये श्वार्ट्झचे स्मारक उभारले. परंतु तेथे बोलते ती सत्ता, येथे बोलतो तो शिष्य.

कारभार गमावलेल्या या राजाने परक्याशी जडलेल्या नात्याचा अर्थ सांगण्याचा अधिकार मात्र सोडला नाही. याचे वाङ्मयीन प्रत्यंतर त्यांच्या ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात मिळते. तमिळ कुरवंजीतील भविष्य सांगणारी स्त्री येथे पृथ्वीचा भूगोल सांगते. युरोपीय ज्ञान, तमिळ नाट्यरूप आणि मराठी भाषा यांचा मेळ राजा स्वतः घालतो. म्हणून अशा भेटींत प्रभाव कोणाचा पडला एवढेच न पाहता, त्या भेटीची प्रतिमा कोणी घडवून घेतली, हेही तौलनिक अभ्यासकाने विचारणे अगत्याचे आहे.