आपल्यांसाठीही पुनव

मार्गशीर्षातल्या पुनवेला सौंदत्तीच्या डोंगरावर बांगड्या फुटतात. कामधेनूच्या हव्यासापायी सहस्रार्जुनानं जमदग्नीला मारलं आणि त्याची बायको रेणुका, या डोंगरावरची देवी, विधवा झाली, म्हणून ही रांडाव पुनव. जोगतिणी आणि लुगडं नेसणारे जोगते त्या दिवशी कुंकू पुसतात. पुढं माघात अहेव पुनवेला पुन्हा चुडा भरतात. कोल्हापुरातनं एसटीच्या गाड्या भरभरून माणसं डोंगराला जातात. माघारी आल्यावर ओढ्यावरच्या रेणुकेची आंबील यात्रा भरते. भाकरी, वरण्या-वांग्याची भाजी, गाजर, कांद्याची पात, आंबील असा नैवेद्य घराघरातनं येतो. एका खुनाचा शोक आपल्या मुलखानं पिढ्यान् पिढ्या असा जपला आहे.

आमच्या आज्जीकडं ही कथा तिच्या सासूकडून आली होती. तेव्हा डोंगराला बैलगाड्या जायच्या. पुढं डोक्यावर देवीचा जग घेतलेला जोगता, मागं चौंडकं आणि तुणतुणं, कपाळभर भंडारा. आज्जी म्हणायची, "जोगत्याच्या परडीत पीठ घातल्याबिगार त्याला दारातनं लावू नये. आईची लेकरं ती." आणि मग आवाज खाली आणून सांगायची, "दिवसा त्येंच्या पाया पडणारीच काही माणसं रातच्याला त्येंच्यावर हात टाकायची, बाळा. सगळ्यास्नी ठावं असायचं. बोलायचं कुणी न्हाई."

डोक्यात जट झाली, अंगात आलं, मुलाची चालबोल बायकी वाटली की त्याला देवीला सोडायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. शाहू महाराजांनी १९२० साली जोगत्या-मुरळीच्या प्रथेविरुद्ध कायदा केला. त्यानंतर कित्येक दशकांनी कोल्हापूर जिल्ह्यातल्याच राजन गवसांना 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्या लिहाव्या लागल्या, आणि २००९ मध्ये 'जोगवा' चित्रपटानं हे जगणं पडद्यावर आणलं. ज्यांना देवीला सोडलं, त्यांच्यातले काही मनानं खरोखर बाईच होते. लुगडं नेसून त्यांना स्वतःचं रूप मिळालं, पण घर, शेत आणि वारसा सुटला. पाठीशी कुणी नसलेल्या माणसाला मारणं सोपं असतं.

आमच्या पेठेत मंगळवारी-शुक्रवारी जोगवा मागायला एक वयस्क जोगतीण यायची. तीही मुलगा म्हणूनच जन्मलेली. आम्ही तिला आक्का म्हणायचो. तिची जिवाभावाची मैत्रीण, तीही तिच्यासारखीच, एका जागरणाहून रात्री परतताना मारली गेली. घरचे प्रेत न्यायला आले, त्यांनी लुगडं उतरवलं, धोतर नेसवलं आणि पुरुषाचं नाव घेऊन अग्नी दिला. आक्काला सरणाजवळ उभं राहू दिलं नाही.

"देवीच्या नवऱ्यासाठी दरसाल बांगड्या फोडतोय आम्ही," आक्का आज्जीला म्हणाली होती. "हिच्यासाठी कुणी पुनव ठिवली न्हाई. म्हणून डोंगराला जाताना मी दोन बांगड्या जास्त भरते. त्या हिच्या नावानं फोडते."

ते नाव तिनं आम्हाला सांगितलं होतं. तिच्या भावकीतली माणसं अजून त्याच गावात राहतात, म्हणून इथं लिहीत नाही.

आक्काला ठाऊक नसेल, पण तिच्यासारखीच माणसं दूर अमेरिकेतही होती. नोव्हेंबर १९९८ मध्ये बोस्टनमध्ये रीटा हेस्टर या कृष्णवर्णीय पारलिंगी स्त्रीचा तिच्या घरात खून झाला. दुसऱ्या वर्षी ग्वेंडोलिन अॅन स्मिथ यांनी तिच्या आणि अशाच इतरांच्या आठवणीसाठी स्मरणदिन सुरू केला. आज २० नोव्हेंबरला जगभर मेणबत्त्या लावून मारल्या गेलेल्या पारलिंगी माणसांची नावं मोठ्यानं वाचली जातात. त्या यादीत आपला देशही आहे. मे २०१८ मध्ये हैदराबादच्या चांद्रायणगुट्ट्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं एका पारलिंगी स्त्रीला ठार मारलं. ती भिक्षा मागून जगत होती, आक्कासारखीच.

१५ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथीयांना स्वतःचं लिंग स्वतः सांगण्याचा हक्क दिला. हिजड्यांच्या बरोबरीनं जोगत्या-जोगप्पांचाही उल्लेख त्या निकालात आहे. पण तृतीयपंथीयांसाठीच्या २०१९ च्या कायद्यात त्यांच्यावरच्या लैंगिक अत्याचाराला शिक्षा ठरली सहा महिने ते दोन वर्षं. स्त्रीवर बलात्कार झाला तर किमान दहा वर्षं. एका जिवाची किंमत दुसऱ्याहून इतकी कमी धरणं हा अन्याय आहे, आणि आज्जी सांगायची ते मुकाट्यानं बघणंही त्याच अन्यायाचा भाग होतं.

शोक कसा करायचा हे कोल्हापूरला शिकवावं लागत नाही. तो कुणाकुणासाठी करायचा, एवढंच आता ठरवायचं आहे. या मार्गशीर्षात डोंगराला जाल, आंबील यात्रेला ओढ्यावर जाल, तेव्हा म्हाताऱ्या जोगत्या-जोगतिणींजवळ बसा. त्यांच्यातलं कोण मारलं गेलं ते विचारा. ज्या नावानं ते जगले तेच नाव वहीत लिहून घ्या, आणि त्यांच्या माणसांची हरकत नसेल तर ते मोठ्यानं उच्चारा. हे सांगणारी माणसं थकत चालली आहेत, म्हणून पुढच्या पुनवेची वाट बघू नका.