संयुक्त संभाव्यता

दोन किंवा अधिक घटना एकत्र घडण्याची संभाव्यता. एक घटना घडल्याने दुसरीची संभाव्यता बदलत नसेल तर त्या स्वतंत्र घटना होत. त्यांच्या संभाव्यतांचा सरळ गुणाकार करतात. बदलत असेल तर त्या परावलंबी. मग पहिलीच्या संभाव्यतेला, ती घडली असे धरून काढलेल्या दुसरीच्या सशर्त संभाव्यतेने गुणावे लागते. बीड जिल्ह्यातील 11 तालुक्यांच्या चिठ्ठ्यांतून आधी आष्टी व मग पाटोदा निघण्याची संभाव्यता, पहिली चिठ्ठी परत टाकल्यास 1/121 असते. बाजूला ठेवल्यास 1/11 × 1/10, म्हणजे 1/110.

सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान 70 टक्के असावी लागते. टोकण करताना एका जागी दोन बिया टाकल्या, तर एकही न उगवण्याची संभाव्यता 0.3 × 0.3 = 0.09, निदान एक रोप येण्याची 0.91. मात्र पेरणीनंतर पावसाने ओढ दिली की दोन्ही बिया एकाच ओलीवर अवलंबून राहतात, हा गुणाकार कोलमडतो आणि दुबार पेरणीची वेळ अख्ख्या शिवारावर येते.

पीकविम्याचे गणितही इथेच अडते. समजा, एका महसूल मंडळात अवर्षणाची संभाव्यता 1/4 आहे. शेजारची दोन मंडळे स्वतंत्र मानल्यास दोन्ही एकदम कोरडी जाण्याची 1/16 येते. पण एक कोरडे गेले असता दुसरेही जाण्याची 4/5 असेल, तर उत्तर 1/5 येते, तिपटीहून जास्त. दहा मंडळे स्वतंत्र मानली, तर सगळी एकाच वर्षी कोरडी जाण्याचा प्रसंग सुमारे दहा लाख वर्षांत एकदा यावा. प्रत्यक्षात मराठवाड्याने 2014 आणि 2015 असा लागोपाठ दुष्काळ सोसला आहे.

2020च्या खरिपात बीडसाठी विमा कंपन्या पुढे येईनात. अखेर भारतीय कृषी विमा कंपनीने 80-110 सूत्रावर काम घेतले: भरपाई विमाहप्त्याच्या 110 टक्क्यांवर गेल्यास वरचा भार राज्याचा, 80 टक्क्यांखाली राहिल्यास कंपनीने हप्त्याचा 20 टक्के हिस्सा ठेवून उरलेली रक्कम राज्याला परत द्यायची. हाच ‘बीड पॅटर्न’. 2022मध्ये तो राज्यभर लागू झाला. एकाच वेळी सर्वत्र होणारे नुकसान कोणी सोसायचे, हे त्यात आधीच ठरवलेले असते, आणि हेच त्याचे मोल.

धरणांच्या पाण्याचेही असेच. बीड जिल्ह्यातील माजलगाव धरणाला सिंदफणा नदीखेरीज जायकवाडी धरणाच्या उजव्या कालव्याचेही पाणी मिळते. जायकवाडी भरते नाशिक-अहिल्यानगरकडच्या पावसावर. दोन्हीकडे पाऊस आणणारा मान्सून एकच असल्याने, दोन्ही स्रोत एकदम आटण्याची संभाव्यता नुसत्या गुणाकाराने काढली तर ती कमी भरते.